दर-मर्यादा, संगणक जालातील
एखाद्या जोडमार्गावरून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ द्यावयाची, याचे राउटरमध्ये केलेले नियमन. राउटर हे निरनिराळी जाले जोडणारे व माहितीची पॅकेटे योग्य मार्गाने पुढे पाठविणारे साधन आहे. जोडमार्ग सामाईक असल्यास एकाच संगणकाची मोठी वाहतूक इतरांची अडवणूक करू शकते. ती टाळण्यासाठी अशी मर्यादा घालतात.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठ (बर्कली) यांमधील माहितीचा वेग वाहतुकीच्या कोंडीमुळे सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपायानुसार पॅकेट गहाळ होताच पाठविणारा संगणक आपला वेग कमी करतो. मात्र सर्वच संगणक हा संयम पाळतात असे नाही. म्हणून राउटरमधील मर्यादा आवश्यक ठरते.

कार्यपद्धती : यासाठी सामान्यतः ‘टोकन बादली’ ही रीत वापरतात. कल्पित बादलीत ठरलेल्या दराने टोकने पडत राहतात. पॅकेट आपल्या आकाराइतकी टोकने खर्चून पुढे जाते. बादली भरल्यावर येणारी टोकने वाया जातात. टोकनांचा दर हा सरासरी वेग ठरवितो, तर बादलीचे आकारमान हे एका झपाट्यात किती माहिती जाऊ शकेल ते ठरविते. उदा., दर सेकंदाला १ कोटी बिट व बादली १,२५,००० बाइट (१० लक्ष बिट) असल्यास, सेकंदाला १० कोटी बिट वाहून नेणाऱ्या जोडमार्गावर पूर्ण वेगाचा झपाटा सु. ०·०११ सेकंदच टिकतो.

टोकने अपुरी पडल्यास दोन पर्याय असतात. पहिल्यात पॅकेट टाकून देतात. दुसऱ्यात ते रांगेत थांबवून टोकने जमल्यावर पाठवितात. पहिल्यात माहिती पुन्हा पाठवावी लागते, तर दुसऱ्यात विलंब वाढतो. प्रत्येकी १,५०० बाइटांच्या १,००० पॅकेटांची रांग वरील दराने रिकामी होण्यास १·२ सेकंद लागतात. संभाषणासाठी हा विलंब असह्य असतो. यामुळे रांगेची लांबीही मर्यादित ठेवतात.

मांडणी : प्रथम पत्ता, सेवेचा प्रकार इ. लक्षणांवरून वाहतुकीचे वर्ग पाडतात. मग प्रत्येक वर्गासाठी दर व बादलीचे आकारमान ठरवून तो नियम विशिष्ट जोडमुखाच्या आत येणाऱ्या वा बाहेर जाणाऱ्या वाहतुकीस लावतात. अनेक राउटरांत दर बिटांत, तर बादली बाइटांत मोजतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास मर्यादा आठपटींनी चुकते. बादली सर्वांत मोठ्या पॅकेटापेक्षा लहान असल्यास ते पॅकेट कधीच पुढे जात नाही. ती पुरेशी मोठी नसल्यास वरचेवर पॅकेटे गळतात, पाठविणारे संगणक वेग पुनःपुन्हा घटवितात आणि प्रत्यक्ष वेग ठरविलेल्या दराच्या बराच खाली राहतो. अशा वेळी दोष जोडमार्गाचा नसून मांडणीचा असतो. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीची मर्यादा जोडमार्गाच्या क्षमतेपेक्षा किंचित कमी ठेवल्यास रांग राउटरमध्येच साठते व तातडीच्या पॅकेटांना अग्रक्रम देता येतो.