सरकलेली गादी आणि लहान छेदाचं ऑपरेशन

धरणगावकडे कापसाची गाठोडी उचलताना कंबर धरली, मणक्यांमधली गादी सरकून कळ पायात उतरली, की घरात ऑपरेशनची धास्ती शिरते. बहुतेकांची कळ दोन-तीन महिन्यांत औषधं आणि हालचाल यांनीच ओसरते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ आधी थांबली. ऑपरेशन न करता वाट पाहणाऱ्या गटातल्या ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. ऑपरेशन करायचंच झालं, तर छेद लहान असला की जखम लवकर भरते, घरी लवकर जाता येतं. वर्षभरानंतरचा गुण मात्र साधारण नेहमीच्या ऑपरेशनइतकाच, आणि काहींची गादी पुन्हा सरकते. म्हणून छेदाच्या लांबीआधी ऑपरेशनची गरज विचारा. पाऊल उचलेना, लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी जळगावचं रुग्णालय गाठा.