बुधवारी भेटणारा डोंगर

ऑलिम्पिकचं यजमानपद पदरात पडल्यानंतर लोकांनीच ते परत पाठवलं, असं आजवर एकाच शहराच्या बाबतीत घडलं आहे. ते शहर म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर. 1976 च्या हिवाळी स्पर्धा डेन्व्हरला देण्याचा निर्णय मे 1970 मध्ये झाला. पुढाऱ्यांना, हॉटेलवाल्यांना, बांधकाम व्यावसायिकांना आनंदाचं भरतं आलं. पण रिचर्ड लॅम नावाच्या तरुण आमदारानं आणि त्याच्या सोबत्यांनी गावोगाव दोनच प्रश्न विचारायला सुरुवात केली: हा खर्च कुणाच्या खिशातून होणार आणि आपल्या डोंगरांचं काय होणार? नोव्हेंबर 1972 मध्ये मतदान झालं आणि सरकारी पैसा द्यायला कोलोरॅडोच्या मतदारांनी स्पष्ट नकार दिला. स्पर्धा गेल्या ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. 1964 मध्ये तिथं ऑलिम्पिक होऊन गेलं होतं, त्यामुळे शर्यतींच्या सोयी तयारच होत्या. 5 फेब्रुवारी 1976 रोजी तिथं ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ क्लामरनं पाट्शरकोफेल डोंगराच्या उतारावर स्कीच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं. ती शर्यत आजही स्कीइंगच्या जगात दंतकथेसारखी सांगितली जाते.

बर्फ आणि डोंगर यांच्यावर ज्याचा जीव आहे, त्यानं घर कुठं करावं? या प्रश्नाला जगानं दिलेली दोन वेगळी उत्तरं म्हणजे ही दोन शहरं. सह्याद्रीत भटकत वाढलेली कितीतरी मराठी मुलं आज शिक्षण आणि नोकरीच्या निमित्तानं रॉकी पर्वताच्या किंवा आल्प्सच्या आसपास जाऊन राहिली आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही घरात येऊन पोचला आहे. नियतकालिकं दरवर्षी ‘राहण्यासाठी सर्वोत्तम’ शहरांच्या याद्या छापतात. त्यांत शिखरांची उंची असते, हिमवृष्टीचे आकडे असतात, तासाभराच्या अंतरावरची स्की-केंद्रं मोजलेली असतात. हे सगळे हिशेब रविवारचे. माणूस शहरात राहतो तो मात्र सोमवार ते शुक्रवार. म्हणून मी या दोन आणि आणखी तीन शहरांना एकच कसोटी लावून पाहिली: कामाच्या दिवशी, समजा बुधवारी संध्याकाळी, हा डोंगर आपल्याला भेटतो का?

डेन्व्हर: डोंगर समोर, रस्ता तुंबलेला

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,609 मीटरवर, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर आहे. हिवाळ्यात ऊन लख्ख असतं, हवा कोरडी, नोकऱ्या मुबलक आणि पश्चिमेला क्षितिजभर रॉकी पर्वत. पण मोठी स्की-केंद्रं या रांगेच्या पलीकडच्या अंगाला आहेत आणि तिकडे नेणारा मुख्य रस्ता एकच, आय-70 महामार्ग. सुमारे 3,400 मीटर उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा 1973 मध्ये सुरू झाला आणि डोंगर जवळ आल्यासारखे वाटले. त्याच बोगद्यापाशी आता शनिवारी पहाटे गाड्या अडतात आणि रविवारी संध्याकाळी परतीची रांग लागते. एरवी दीड तासाचं अंतर कापायला तीन-चार तास लागणं तिथल्या माणसाला नवं नाही.

खर्चाचंही तसंच. 2008 मध्ये स्की-केंद्रं चालवणाऱ्या व्हेल कंपनीनं ‘एपिक’ हा हंगामी पास काढला आणि 2018 मध्ये ‘आयकॉन’ आला. हंगामभर जाणाऱ्याला ते परवडतात. पण पास न घेता एखाद्याच दिवसासाठी जाणाऱ्याला बड्या केंद्रावर गर्दीच्या दिवसांत 300 डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. हौस म्हणून पहिल्यांदाच जाऊ पाहणारं चौघांचं कुटुंब इथंच मागे फिरतं.

तरीही या शहराच्या पूर्वजांची दृष्टी मोठी होती. डोंगरातली उद्यानं विकत घेता यावीत म्हणून 1912 मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी स्वतःवर कर बसवून घेतला. 1940 मध्ये सुरू झालेलं ‘विंटर पार्क’ हे स्की-केंद्र त्याच धोरणाचं फळ. आज ते खासगी कंपनी चालवते, पण मालकी शहराची आहे. 1928 च्या मॉफट बोगद्यातून जाणारी रेल्वे हिवाळ्यात ठरावीक दिवशी प्रवाशांना थेट उतारांच्या पायथ्याशी सोडते. ही गाडी रोज धावती, तर या लेखाचा निष्कर्ष कदाचित वेगळा झाला असता.

सॉल्ट लेक सिटी: बर्फ अव्वल, हवा जड

निव्वळ बर्फ मोजायचा तर युटाच्या राजधानीला तोड नाही. वासॅच पर्वत शहराच्या पूर्वेला भिंतीसारखा उभा आहे आणि विमानतळावरून लिटल कॉटनवुडच्या दरीतल्या आल्टा किंवा स्नोबर्डला तासाभरात पोचता येतं. आल्टाला हंगामात सरासरी 13 मीटरच्या वर बर्फ पडतो. 2022-23 च्या हिवाळ्यात तर 903 इंच, म्हणजे जवळजवळ 23 मीटर पडला. इथल्या बर्फाची ख्याती का, याचा छडा युटा विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ जिम स्टीनबर्ग यांनी लावला आहे. ते सांगतात की हा जगातला सर्वांत कोरडा बर्फ नाही. वादळ सुरू होताना थोडा जड बर्फ पडतो, तापमान उतरत जातं तसा वर हलका, भुसभुशीत थर बसतो. खाली आधार आणि वर पिसं, अशी रचना झाली की स्की त्यावरून तरंगत जाते. शहराजवळच्या खाऱ्या सरोवरामुळे हा बर्फ पडतो ही समजूत लोकप्रिय आहे, पण सरोवराचा वाटा थोडाच.

हाच बर्फ वाटही अडवतो. लिटल कॉटनवुडच्या रस्त्यावर साठाहून अधिक हिमस्खलनाच्या वाटा उतरतात. धोका वाढला की रस्ता बंद होतो आणि आल्टात इमारतीबाहेर पाऊल टाकायलाही कायद्यानं मनाई होते. माणसं तासन् तास, कधी दोन-दोन दिवस आतच अडकतात. गर्दी आणि हिमस्खलन या दोन्हींवर उपाय म्हणून दरीतून सुमारे 13 किलोमीटरचा रोपवे नेण्याची योजना राज्याच्या वाहतूक विभागानं 2023 मध्ये निवडली. दरीचं रूप बिघडेल म्हणून तिला विरोधही तितकाच कडवा आहे.

खरी काळजी खाली खोऱ्यात आहे. हिवाळ्यात थंड हवा डोंगरांच्या कुशीत साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा, चिमण्यांचा धूर कित्येक दिवस शहरावर तुंबून राहतो. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्या दिवसांत घरात राहायला सांगतात. त्यात भर सरोवराची. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर शेतीकडे, विशेषतः लसूणघासाकडे वळवलं गेलं. नोव्हेंबर 2022 मध्ये सरोवरानं नोंदलेला नीचांक गाठला. उघड्या पडलेल्या तळाची धूळ, तिच्यात आर्सेनिकही, वाऱ्याबरोबर उडते. ती बर्फावर बसली की पांढरा बर्फ मळतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. 2022 च्या वसंतात धुळीमुळे वासॅचमधला एका जागचा बर्फ दोन आठवड्यांहून अधिक आधी वितळल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. 2034 च्या हिवाळी स्पर्धा याच शहरात होणार आहेत. तोवर सरोवर राखलं गेलं तर ते पदकांपेक्षा मोठं काम ठरेल.

इन्सब्रुक: डोंगरच गावात

इन्सब्रुकची वस्ती जेमतेम सव्वा-दीड लाख. गाव आहे 574 मीटरवर, पण उत्तरेला नॉर्डकेट्ट रांग इतकी सरळ उठते की बाजारातल्या गल्लीतून मान वर केली की कडा दिसतो. जुन्या गावाच्या कडेला जमिनीखालचं एक स्थानक आहे. तिथं आपल्या सप्तशृंगगडावर आहे तशी फ्युनिक्युलर लागते. वास्तुकार झाहा हदीद यांनी घडवलेली तिची वळणदार, काचेची स्थानकं 2007 मध्ये उघडली. आठ मिनिटांत हुंगरबुर्ग, तिथून 1928 पासून चालणाऱ्या रोपवेनं झेग्रुबं आणि पुढे 2,250 मीटरच्या वर हाफेलेकार. दुपारचं व्याख्यान संपवून विद्यार्थी खांद्यावर स्की टाकून स्थानकात शिरतात, त्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. इथलं विद्यापीठ 1669 मधलं आहे. तरुणांची संख्या मोठी, त्यामुळे डोंगर म्हणजे पर्यटकांचा मक्ता असं वातावरण नाही.

पण तरुणांनी आणि पर्यटकांनी भरलेल्या चिंचोळ्या खोऱ्यात जागा कमी, आणि घरभाडी ऑस्ट्रियातल्या सर्वांत चढ्या भाड्यांमध्ये गणली जातात. दक्षिणेकडून येणारा फ्योन हा ऊबदार वारा भर जानेवारीत बर्फ खाऊन टाकतो. 1964 च्या स्पर्धांच्या वेळी बर्फच कमी पडला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या लष्करानं तो उंचावरून वाहून आणून शर्यतींच्या वाटांवर अंथरला होता. 2026 च्या स्पर्धा मागायच्या का, असं 2017 मध्ये विचारलं गेलं तेव्हा इन्सब्रुकच्या मतदारांनी ठाम ‘नाही’ म्हटलं. दोनदा यजमान झालेल्या गावानं आपल्या डोंगराला आता आणखी कशाची गरज नाही, हे ओळखलं.

साप्पोरो: वीस लाखांचं हिमनगर

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोत जवळपास वीस लाख माणसं राहतात आणि तरीही तिथं हिवाळ्यात सरासरी पावणेपाच मीटर बर्फ पडतो. सायबेरियातून सुटलेले गार वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि बेटावर रिते होतात. एवढं मोठं आणि एवढं बर्फाळ दुसरं शहर शोधून सापडणं अवघड. आशियातल्या पहिल्या, 1972 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी इथं भुयारी रेल्वे आली, तीच आज शहराचा कणा आहे. तेइने डोंगराचे ऑलिम्पिकचे उतार रेल्वे आणि बसनं गाठता येतात. बानकेईसारख्या छोट्या केंद्रांवर संध्याकाळी दिवे लागतात आणि शाळा-कचेऱ्या सुटल्यावर माणसं तिकडे वळतात. स्कीइंग शाळेच्या व्यायामाच्या तासातच शिकवलं जात असल्यानं ते श्रीमंतांचं चोचलं राहिलेलं नाही. घरभाडंही टोकियोच्या तुलनेत बरंच कमी.

किंमत मोजावी लागते ती बर्फ उपसण्यात. महापालिका दरवर्षी 20 अब्ज येनांहून अधिक रक्कम बर्फ हटवण्यावर खर्च करते. रात्रभर यंत्रं फिरतात, तरी सकाळी आपल्या दारातला ढीग आपणच उचलायचा. म्हातारपणी एकट्यानं राहणाऱ्यांना हे फार जड जातं. परक्या माणसाला जपानी आल्याशिवाय नोकरीचं दारही सहज उघडत नाही.

ऑस्लो: मेट्रोत स्की घेऊन

नॉर्वेच्या राजधानीभोवतीच्या डोंगरांची उंची ऐकून ट्रेकर हसेल. सातशे मीटरच्या आसपास सगळं संपतं. पण महापालिकेच्या हद्दीतलं जवळपास दोन-तृतीयांश क्षेत्र जंगल आहे आणि शहराभोवतीचा ‘मार्का’ हा वनपट्टा सुमारे 1,700 चौरस किलोमीटरचा. त्यात हजारो किलोमीटरच्या स्की-वाटा आहेत. 1883 मध्ये स्थापन झालेली ‘शीफोरेनिंगेन’ ही संस्था त्या राखते. झाडांच्या बुंध्यांवर लाल रंग असला की वाट हिवाळ्यातली, निळा असला की उन्हाळ्यातली. ताज्या बर्फात यंत्रानं दाबलेले दोन समांतर चर दिसतात. स्की त्यांत बसवायच्या आणि लयीत चालत सुटायचं. हे सपाटीवरचं स्कीइंग, त्याला लिफ्ट लागत नाही आणि तिकीटही नाही.

मेट्रोची एक नंबरची लाईन शहराच्या मध्यातून फ्रोग्नरसेटरनला जाते. तिचा मूळ मार्ग 1898 चा. डब्यात ऑफिसची बॅग आणि स्की शेजारी शेजारी उभ्या असतात. शेवटच्या स्थानकाबाहेर कॉर्कट्रेकरेन नावाची घसरवाट सुरू होते. मुलं छोट्या घसरगाडीवर बसून दोन किलोमीटर खाली येतात, मिट्स्टूएनला मेट्रो पकडतात आणि पुन्हा वर. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास असतो, म्हणून जंगलातल्या कित्येक वाटांवर दिव्यांचे खांब उभारले आहेत. अंधार पडल्यावर आजोबा, आई, नात एकाच वाटेवर भेटतात. बुधवारच्या कसोटीला पूर्ण उतरतं ते हे शहर.

हे आपोआप घडलेलं नाही. 1946 मध्ये उच्च दाबाच्या विजेच्या तारा या जंगलातून नेण्याचा बेत झाला, तेव्हा हजारो नागरिक उल्लेवोलसेटरच्या माळावर निषेधासाठी जमले. 1957 च्या कायद्यानं मोकळ्या रानात, मालक कुणीही असो, पायी आणि स्कीवर फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. शेतं गोठून बर्फाखाली गेली की त्यांवरूनही जाता येतं. 2009 पासून मार्काला स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. जंगलाच्या कडेची जमीन सोन्याच्या भावाची असूनही इमारती त्या रेषेशी थांबतात. ऑस्लो महाग आहे, अंधार मनावर येतो आणि उंच उतारांची भूक इथं भागत नाही, हेही खरं.

बर्फ किती वर्षं?

आज घर घेणाऱ्यानं तीस वर्षांनंतरचा हिवाळाही पाहायला हवा. फ्रान्समधल्या ग्रनोब्लजवळ, 1,325 मीटरवरच्या कॉल द पोर्त या केंद्रात साठ वर्षांहून अधिक काळ बर्फाची जाडी मोजली जात आहे. 1960 ते 1990 च्या सरासरीपेक्षा पुढच्या तीस वर्षांची सरासरी सुमारे 40 सेंटिमीटरनं कमी भरली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातली 2,234 स्की-केंद्रं तपासली गेली. तापमान 2 अंशांनी वाढलं तर कृत्रिम बर्फाशिवाय त्यांतल्या 53 टक्के केंद्रांना टंचाईचा अतिशय मोठा धोका आहे, 4 अंशांनी वाढलं तर 98 टक्क्यांना. ऑस्लोचे बुटके डोंगरही या धोक्यापासून सुरक्षित नाहीत. मात्र बर्फ ओसरला तरी त्याच वाटांवर माणूस धावेल, सायकल चालवेल, तळ्यात पोहेल. केवळ लिफ्टवर उभ्या असलेल्या गावाला ही मुभा नाही.

निवाडा

उत्तम बर्फच हवा असेल तर सॉल्ट लेक सिटी, उंच कड्यांवरून उतरण्याचं वेड असेल तर इन्सब्रुक, मोठ्या शहराच्या सोयी आणि भरघोस बर्फ दोन्ही हवं आणि भाषा शिकायची तयारी असेल तर साप्पोरो. पण संसार मांडायचा, मुलं वाढवायची, उतारवयातही चालत राहायचं असेल, तर मी निःशंकपणे ऑस्लो म्हणेन. शहर निवडताना शिखराची उंची शेवटी पाहा. आधी पाहा की घरापासून वाटेपर्यंत गाडीविना जाता येतं का, त्या वाटेवर पाय ठेवायचा हक्क कायद्यानं दिला आहे का, आणि ती वाट राखायला लोक उभे राहतात का.

हे तिन्ही प्रश्न परदेशी जाणाऱ्यांपुरते नाहीत. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढण्याच्या बेताविरुद्ध 2023 मध्ये पुणेकर मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. कामावर जाण्याआधी तासभर चढून येता येईल अशी टेकडी पुण्याला आहे, आणि असं भाग्य जगातल्या फार थोड्या मोठ्या शहरांना लाभतं. राहण्याजोगं शहर निवडता येतं ते ज्यांना जाता येतं त्यांना. बाकीच्यांनी आहे ते शहर राहण्याजोगं राखायचं असतं, आणि त्याची सुरुवात घराजवळच्या टेकडीपासून व्हायला हवी.