व्हिनेगरचा घोट आणि बीपीची गोळी

सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फेऱ्या मारणाऱ्यांच्या गप्पा ऐका, नाहीतर डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. ‘उपाशीपोटी दोन चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घ्या, बीपी नॉर्मल!’ हा सल्ला कधी ना कधी कानावर येतोच. त्यात तथ्य किती?

गैरसमज : व्हिनेगर घेतलं आणि अर्ध्या तासात १५० चं १३० झालं.
वस्तुस्थिती : गर्दीच्या लोकलमधून उतरून, स्टेशनचा पूल चढून घरी आल्या आल्या पट्टा बांधला, तर आकडा वरच येणार. अर्धा तास स्वस्थ बसलं की तो साध्या पाण्यानेही उतरतो. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. हात छातीच्या पातळीत ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा.

गैरसमज : हे संशोधनाने सिद्ध झालंय.
वस्तुस्थिती : झालं ते मुख्यतः उंदरांवर. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी उच्च रक्तदाबाच्या उंदरांना व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड काही आठवडे खाऊ घातलं, तेव्हा त्यांचा दाब उतरला. माणसांवरचे प्रयोग छोटे आणि थोड्या आठवड्यांचे. त्यांत दिसलेली घटही किरकोळ. व्हिनेगरमुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळतो, याचा पुरावा नाही. बीपीची गोळी दिली जाते ती नेमकी त्यासाठीच.

गैरसमज : व्हिनेगरने रक्त पातळ होतं, म्हणून बीपी उतरतं.
वस्तुस्थिती : बीपी सहसा रक्त ‘घट्ट’ झाल्याने वाढत नाही. रक्तवाहिन्या आवळल्या किंवा ताठरल्या, मूत्रपिंडांना मीठ-पाण्याचा तोल सांभाळता आला नाही, की दाब चढतो. ‘रक्त पातळ करायची’ गोळी गुठळी होऊ नये म्हणून असते. बीपीची गोळी वेगळी.

गैरसमज : नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना!
वस्तुस्थिती : बाटलीत साधारण पाच टक्के आम्ल असतं. पाणी न घालता रोज प्यायलं तर दातांचं एनॅमल झिजतं, घसा जळजळतो. लघवी वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच कमी होतं. त्यात भरपूर व्हिनेगरची भर पडली तर ते धोक्याच्या पातळीपर्यंत घसरू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

गैरसमज : बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद करून व्हिनेगर पुरे.
वस्तुस्थिती : नॉर्मल आलं ते बहुधा गोळीमुळेच. ती सोडली की दाब पुन्हा चढतो, आणि डोकं दुखत नाही म्हणून कळतही नाही. तोवर हृदय, मेंदू, मूत्रपिंडं मार खात राहतात.

व्हिनेगरचा खरा उपयोग स्वयंपाकघरात आहे. कोशिंबिरीवर चार थेंब टाकून तेवढं मीठ कमी केलंत, तर फायदा त्या वाचलेल्या मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं. त्यात लोणचं, पापड, फरसाण आणि वडापावसोबतची खारी मिरचीही धरायची.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालयं आपल्याच शहरांत आहेत. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी बीपी तपासून घ्या. व्हिनेगर घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.