कॉकपिटमधला मतभेद

विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. अंतिम अधिकार कॅप्टनचा. पण विमान दोघे आलटून-पालटून चालवतात. एक चालवतो, दुसरा वेग, उंची आणि खाली उतरण्याची गती यांवर नजर ठेवतो आणि चूक दिसताच मोठ्याने सांगतो. हे सांगणे त्याचे कामच आहे, आगाऊपणा नव्हे. तरीही वयाने, हुद्द्याने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला टोकणे जड जाते.

भारतात न टोकण्याची किंवा टोकलेले न ऐकण्याची किंमत निदान दोनदा मोजावी लागली. 22 मे 2010 रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान फार उंचावरून आणि वेगात उतरू लागले. फर्स्ट ऑफिसरने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटले, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. कॅप्टनने ऐकले नाही. 158 जण गेले, 8 वाचले.

दुसरी घटना 7 ऑगस्ट 2020 ची, कोळिकोडची. कॅप्टन दीपक साठे खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले, वायुसेनेत चाचणी वैमानिक राहिलेले. त्यांच्या गाठीशी दहा हजार तासांवर उड्डाण, तर फर्स्ट ऑफिसर अखिलेश कुमार यांच्याकडे दोन हजारांहून थोडे कमी. पाऊस कोसळत होता, वारा पाठीमागून होता. विमान धावपट्टीवर तरंगत पुढे जाऊ लागले, तेव्हा उजवीकडून आधी ‘जस्ट चेक इट’ आले, मग नुसते ‘कॅप्टन’, आणि अखेर ‘गो अराउंड’. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती 4,438 फुटांवर, निम्मी धावपट्टी संपल्यावर. विमान पुढच्या उतारावरून कोसळले. दोन्ही वैमानिकांसह 21 जणांचा मृत्यू झाला.

चौकशी अहवालाने कॅप्टनच्या चुकीबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवली. फर्स्ट ऑफिसरने ताबा स्वतःकडे घेऊन विमान वर न्यायला हवे होते, ते त्याने केले नाही. नियम त्याला तशी मुभा देतो. पण ती वापरायला हाताशी असतात फक्त काही सेकंद, आणि तेवढ्यात वर्षानुवर्षांचा आदर बाजूला सारावा लागतो. ‘जस्ट चेक इट’ ही सूचना म्हणून फार मवाळ आहे. नेमके काय बिघडले आणि काय करायचे, हे त्यातून कळत नाही.

टेनेरिफ बेटावर 1977 मध्ये विमान अपघातात 583 जणांचा बळी गेला, तेव्हाही अशाच दबलेल्या शंका उघड झाल्या होत्या. त्यानंतर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण जगभर रुजले. त्यात कनिष्ठाला स्पष्ट बोलायला शिकवतात आणि वरिष्ठाला ऐकून घ्यायला. यातला दुसरा भाग अधिक कठीण आणि अधिक महत्त्वाचा आहे. कॅप्टनने उड्डाणापूर्वीच ‘माझे काही चुकले तर लगेच सांगा’ एवढे म्हटले, तरी उजवीकडच्या माणसाची जीभ मोकळी होते.

25 डिसेंबर 2025 पासून पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरही विमाने उतरू लागली आहेत. तिथे किंवा कुठेही उतरता-उतरता विमान ‘गो अराउंड’ करून अचानक पुन्हा वर गेले, तर प्रवाशांनी घाबरू नये आणि उशिराबद्दल कुरकुरूही नये. तो निर्णय सुरक्षेसाठीच घेतलेला असतो.