पिलू सापडले, पुढे काय?

मुलांनो, मराठीत मांजराला 'वाघाची मावशी' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'शेर की खाला' म्हणता. दोन्ही भाषांनी एकच नाते ओळखले आहे. गोंदिया जिल्ह्यात तर ही मावशी आणि तिचा भाचा दोघेही राहतात. नागझिरा आणि नवेगाव येथील जंगलांत वाघ आहे. या जंगलांचा मिळून २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. आणि गावात, बाजारात, राइस मिलच्या आवारात मांजर आहे.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. जेथे धान, तेथे उंदीर. उंदीर पोती कुरतडतात, दाणे खातात, राहिलेले घाण करतात. मांजर रात्रभर जागून त्यांना पळवते. ती कोणाकडे पगार मागत नाही. तरीही रस्त्यावरची मांजर कोणाचीच नसते. वाघासाठी जंगल राखले आहे, पहारा ठेवला आहे. मावशीची पिले मात्र कधी गटाराजवळ, कधी जिन्याखाली, कधी तणसाच्या ढिगात जन्माला येतात.

असे एखादे पिलू तुम्हांला दिसते. ते डोळे मिटून 'म्याँव म्याँव' करते. तुमचे मन भरून येते. तुम्ही ते उचलता, घरी आणता, वाटीत गाईचे दूध ठेवता. दोन-तीन दिवसांत ते पिलू मरते. असे का होते? तुमची दया खोटी नसते, माहिती अपुरी असते. ती माहिती या पाठात करून घेऊ.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. एकटे दिसलेले प्रत्येक पिलू अनाथ नसते. मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा बोलण्यापुरता आहे. पण गोष्ट खरी आहे. जागा धोक्याची वाटली की मांजरी पिलांना दुसरीकडे नेते. तिला एका वेळी एकच पिलू तोंडात धरता येते. म्हणून एक नव्या जागी पोहोचते, तेव्हा बाकीची जुन्या जागी वाट पाहत असतात. शिवाय तिला स्वतःचे पोट भरायला बाहेर जावेच लागते. नेमक्या त्या वेळी आपण तेथे पोहोचतो आणि समजतो, की या पिलांना कोणी नाही.

म्हणून आधी थांबा. दूर उभे राहा आणि पाहा. तुम्ही जवळ असाल तर मांजरी येणार नाही. पिलू स्वच्छ असेल, पोट भरलेले असेल आणि ते शांत झोपले असेल, तर आई आसपासच आहे असे समजा. काही तास वाट पाहण्यात नुकसान नाही. पिलू मळलेले असेल, अंग थंड पडले असेल, ते सारखे ओरडत असेल किंवा त्याला मुंग्या लागल्या असतील, तर मात्र ते संकटात आहे. पिलू भर रस्त्यात असेल, कुत्री जवळ असतील किंवा पाऊस पडत असेल, तर त्याला लगेच जवळच्याच सुरक्षित जागी ठेवा. तेथून फार दूर नेऊ नका. आईला ते सापडले पाहिजे.

माणसाचा हात लागला की मांजरी पिलाला टाकून देते, असे काही जण सांगतात. ही समजूत चुकीची आहे. म्हणून चुकून उचललेले पिलू त्याच दिवशी त्याच जागी परत ठेवता येते. आई बहुतेक वेळा त्याला घेऊन जाते.

आता शेताकडे वळू. गोंदियाच्या शेतांत पावसाळी धानाची कापणी दिवाळीच्या सुमारास होते आणि उन्हाळी धानाची मे महिन्याच्या आसपास. कापणी करताना बांधीत, धुऱ्यावरच्या गवतात किंवा पुंजण्याच्या आडोशाला कधी कधी पिले दिसतात. ती नेहमी घरच्या मांजरीची असतीलच असे नाही. ती रानमांजराची असू शकतात. रानमांजर घरच्या मांजरीपेक्षा मोठे असते. त्याचे पाय लांब आणि शेपूट आखूड असते. शेपटीच्या टोकाकडे काळे पट्टे असतात. विदर्भाच्या जंगलात वाघाटी नावाची आणखी एक मांजर आहे. ती जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजनही दीड किलोच्या आसपास असते. बिबट्याची अगदी लहान पिलेसुद्धा पहिल्या नजरेला मांजरीच्या पिलांसारखीच वाटतात. आणि त्यांची आई जवळच दबा धरून असू शकते!

म्हणून शेतात किंवा जंगलाच्या कडेला सापडलेल्या पिलाला हात लावू नका. मोठ्या माणसांना सांगा, काम थांबवा आणि तेथून बाजूला व्हा. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करून कळवता येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानमांजर, वाघाटी किंवा बिबट्याचे पिलू घरी पाळणे हा गुन्हा आहे. कायदा सोडा, पण ते पिलू घरात नीट जगतही नाही. शिकार कशी करावी हे त्याला त्याची आईच शिकवू शकते.

असाच प्रसंग पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या शेतात येतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याची आणि वाघाटीची पिले अनेकदा सापडली आहेत. तेथे वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात काम करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था एक साधी, पण विचारपूर्वक केलेली युक्ती वापरतात. डॉक्टर पिलांना तपासतात. ती धडधाकट असतील तर संध्याकाळी त्यांना एका खोक्यात घालून, सापडली होती त्याच जागी ठेवतात. लोकांना दूर करतात. जवळ एक कॅमेरा लावतात. रात्री आई येते, खोक्यात डोकावते, एकेका पिलाची मान दातांत अलगद धरते आणि निघून जाते. पहिल्या रात्री ती आली नाही, तर पुन्हा प्रयत्न करतात. पिलांसाठी मोठा पिंजरा बांधण्यापेक्षा त्यांना आईकडे पोहोचवणे, हीच त्यांची खरी सुटका असते.

पण समजा, पिलू गावातल्या मांजरीचेच आहे आणि आई आलीच नाही. ती गाडीखाली सापडली असेल. मग काय करावे? अशा वेळी घरातील मोठ्यांना बरोबर घेऊन पिलाला उचला. उचलताना जाड कापड वापरा. मांजरीने चावले किंवा ओरबाडले तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कुत्र्याप्रमाणे मांजरीपासूनही रेबीज होऊ शकतो. जखमेवर हळद, चुना, तिखट असे काही लावू नका. ही गोष्ट घरच्यांपासून लपवू तर मुळीच नका.

पिलाला सर्वांत आधी काय हवे असते? तुम्ही म्हणाल, दूध. नाही, आधी ऊब हवी असते. पहिले तीन-चार आठवडे पिलाला आपले शरीर स्वतः गरम ठेवता येत नाही. थंड पडलेल्या पिलाला दूध पाजले, तर ते त्याला पचत नाही. एक खोके घ्या. त्यात जुने सुती कापड अंथरा. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. पिलाला जास्त गरम वाटले, तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल एवढी जागा राहू द्या.

अंग गरम झाल्यावर दूध. पण गाई-म्हशीचे दूध नको. त्याने पिलाला जुलाब होतात, अंगातले पाणी कमी होते आणि ते दगावते. मांजरीच्या पिलांसाठी वेगळी दूधपावडर मिळते. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच पाजा. पाजताना पिलाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नका. दूध छातीत जाते. त्याला पोटावर ठेवून, मान किंचित वर करून, थेंब थेंब द्या. अगदी लहान पिलाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही पाजावे लागते. शिवाय त्याला आपली लघवी-शीसुद्धा स्वतः करता येत नाही. आई चाटून त्याला मदत करते. आई नसेल तेव्हा ते काम ओल्या, कोमट कापसाने करावे लागते.

आता विचार करा. तुम्ही शाळेत जाता. घरी आई-अब्बांना कामे असतात. रात्री तीन वेळा कोण उठणार? म्हणूनच सांभाळासाठी योग्य घर शोधावे लागते. कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे पिलाला वाढवणारे हे तात्पुरते घर असते. इंग्रजीत अशा सांभाळाला 'फॉस्टर' म्हणतात. आपल्याकडे 'दूधआई' हा जुना शब्द आहे. कधी कधी मांजरीच दूधआई होते! नुकतीच व्यालेली दुसरी मांजर जवळ असेल, तर ती परक्या पिलालाही अनेकदा पोटाशी घेते.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने रुग्णालय आहे. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण प्रत्येक गावात मोठी संस्था असू शकत नाही. गावात हे काम शेजारीपाजारीच करतात. घरी दिवसभर असणाऱ्या एखाद्या खाला, एखादे निवृत्त गुरुजी, एखादे दुकानदार हे काम आनंदाने करतील. त्यांना विचारायला मात्र हवे.

पिलू दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे डोक्यावरचे ओझे उतरवणे नव्हे. देताना एका कागदावर सारे लिहून द्या. पिलू कोठे आणि कोणत्या तारखेला सापडले, काय खाते, डॉक्टरांनी कोणते औषध दिले, त्याचे वजन किती आहे. किराणा दुकानातला तराजू वजनाला चालतो. निरोगी पिलू रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढते. वजन वाढत नसेल तर काहीतरी बिघडले आहे, हे तो कागद पाहून लगेच कळते.

पिलू आठ आठवड्यांचे होऊन स्वतः खाऊ लागले, की त्याच्यासाठी कायमचे घर पाहा. त्या घरी जाऊन विचारा. घरात सर्वांची संमती आहे का? लहान मुले त्याला त्रास तर देणार नाहीत ना? त्याला रेबीजची लस देणार का? मोठे झाल्यावर त्याची शस्त्रक्रिया करून घेणार का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिले होऊ शकतात. ती सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते. शस्त्रक्रिया केली नाही, तर तुम्ही एका पिलाला वाचवाल आणि पुढच्या वर्षी दहा पिले रस्त्यावर येतील. एखाद्या भटक्या मांजरीच्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर घाबरू नका. तिची शस्त्रक्रिया झाली आहे, याची ती खूण असू शकते.

मांजरांची जबाबदारी एकाने दुसऱ्याकडे सोपवण्याची रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकात इजिप्तमध्ये बैबर्स नावाचा सुलतान होता. त्याने कैरो शहरात बेवारस मांजरांसाठी एक बाग वक्फ करून ठेवली होती. पुढे ती बाग विकली गेली. पण मांजरांना खाऊ घालण्याचे काम थांबले नाही. ते शहराच्या काझीकडे आले. सुमारे साडेपाचशे वर्षांनंतर, एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन हा इंग्रज लेखक कैरोत राहिला. काझीच्या कचेरीच्या बागेत रोज दुपारी मांजरांसाठी अन्न आणले जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. बाग राहिली नाही, सुलतान राहिला नाही. पण एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले काम राहिले. हजरत अबू हुरैरा यांचे नाव तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. 'हुरैरा' म्हणजे मांजरीचे पिलू. मांजरीवरच्या मायेमुळेच त्यांना हे नाव मिळाले.

आपल्या भारताच्या संविधानातही प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. ते कलम ५१ क मध्ये आहे. दया म्हणजे केवळ मन भरून येणे नव्हे. पिलाला उचलायला एक क्षण पुरतो. त्याला योग्य हाती पोहोचवायला धीर, माहिती आणि कष्ट लागतात. ते योग्य हात कधी आईचे असतात, कधी वनविभागाचे, तर कधी शेजारच्या खालाचे. उद्या तुम्हांला एखादे पिलू दिसले, तर लगेच हात पुढे करू नका. आधी थांबा, नीट पाहा आणि स्वतःला विचारा, "याला कोणाकडे पोहोचवायचे आहे?"