गुलाबी फूल, गुप्तहेर आणि आपण

मागच्या व्याख्यानानंतर काहींनी विचारलं की, ऐतिहासिक प्रेमकथा आणि हेरकथा एकत्र असलेली पुस्तकं वाचणं म्हणजे वेळ घालवणंच ना? आमचं उत्तर: घालवा वेळ, पण डोळे उघडे ठेवून.

उदाहरण घेऊ लॉरेन विलिगच्या ‘पिंक कार्नेशन’ मालिकेचं. पहिलं पुस्तक २००५ साली आलं, शेवटचं २०१५ साली, एकूण बारा. एलॉइज नावाची अमेरिकन विद्यार्थिनी प्रबंधासाठी लंडनला येते. नेपोलियनच्या काळातल्या ‘पिंक कार्नेशन’ या इंग्रज हेराचं खरं नाव तिला शोधायचंय. एका घराण्याची जुनी पत्रं तिच्या हाती लागतात आणि गोष्ट थेट १८०३ च्या पॅरिसमध्ये जाते. ते नाव आम्ही इथं फोडणार नाही; अर्धी मजा त्यातच आहे.

आता गंमत बघा. एलॉइजपुढे असतात फक्त पत्रं आणि रोजनिशा. पण आपल्याला चोरट्या भेटी दिसतात, मनातलं ऐकू येतं. म्हणजे कागद जिथं संपतो, तिथं कादंबरी सुरू होते. ही रेघ ओळखता आली की प्रेमकथेचा आनंद कमी होत नाही, आणि कल्पनेला आपण इतिहास समजत नाही.

हे आपल्याला का महत्त्वाचं? कारण २०१० चं पुस्तक, ‘द बिट्रेयल ऑफ द ब्लड लिली’, येतं १८०४ च्या हैदराबादेत. सप्टेंबर १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या होत्या, १८०४ मध्ये होळकरांशी युद्ध पेटलं होतं, आणि निजाम होता कंपनीच्या बाजूला. कथेत आपण नायकाच्या काळजीनं पानं उलटतो. पण त्याच्या सरकारचा विजय म्हणजे आपल्याकडची हार! वाचताना क्षणभर थबकायचं ते इथं.

म्हणून पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही. रात्र जागवून वाचा. मग सकाळी एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या बाजूची पत्रं कुठं आहेत? निजामाच्या दरबारातून पेशव्यांचे वकीलही पुण्याला बातम्या धाडत असत. त्यातली काही पत्रं छापलेली आहेत, मराठीत आहेत. एलॉइजला लंडन गाठावं लागलं. आपल्याला चांगलं ग्रंथालय पुरे.