रंगीत होमर : रंग आधी की घरवापसी?



चेन्नईला स्थायिक झाल्यापासून तरुण कबूतरपाळ मला एकच प्रश्न सारखा विचारतात. "सर, रेसर कबूतर लाल किंवा पांढरं करता येईल का? आणि केलं तर ते उडेल का?" करता येईल, उडेलही. पण रंग आणि घरवापसी या दोन गोष्टींचा वारसा अगदी वेगळ्या पद्धतीनं चालतो. हे न समजून घेता जोड्या लावल्या तर दोन-तीन वर्षांत खुराडं सुंदर दिसतं आणि टोपल्या रिकाम्या परततात.

रंगाचा हिशेब सोपा आहे. बहुतेक मोठे फरक एकेका जनुकाचे असतात, त्यामुळे पिल्लं कोणत्या रंगाची होतील हे कागदावर मांडता येतं. दिशा ओळखणं, पंखाची ताकद, दम, पाण्याविना तग धरणं, ससाणा दिसल्यावरची हुशारी हे सगळं मात्र असंख्य जनुकांत विखुरलेलं आहे. ते कागदावर मांडता येत नाही, शर्यतीतच दिसतं.

आता व्यवहार बघू. समजा तुम्ही निळ्या रेसर मादीला लाल गिरेबाज नर लावला. गिरेबाज तासन् तास आकाशात राहतो, पण आपल्याच घराच्या वर. शेकडो किलोमीटरवरून परत येण्यासाठी त्याची पैदास झालेलीच नाही. पिल्लात रेसरचा वारसा निम्म्यावर आला. ते पिल्लू पुन्हा चांगल्या रेसरला लावलं की सरासरी 75 टक्के, मग 87.5, मग जवळपास 94. म्हणजे एका रंगासाठी चार पिढ्या. त्यात गिरेबाजाचा तो गडद, एकसारखा लाल बहुधा दबणारा असतो. पहिल्या पिढीत तो दिसतच नाही. पुढे कोणतं पिल्लू तो रंग पोटात घेऊन फिरतंय हे कळायला दरवेळी चाचणीची जोडी लावावी लागते. माझं स्पष्ट मत आहे, ज्याच्याकडे आठ-दहा खणांचं खुराडं आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा रेसरच्याच घराण्यात जे रंग आहेत ते घ्या. तांबूस-राखी रंग, म्हणजे आपण ज्यांना मीली आणि रेड चेक म्हणतो ते, होमरमध्ये पिढ्यान् पिढ्या आहेत. हा रंग निळ्यावर मात करतो, म्हणून एकाच पालकाकडून आला तरी दिसतो. शिवाय तो लिंगाशी जोडलेला आहे. कबुतरात नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एकच. निळा नर आणि तांबूस मादी लावली तर सगळे नर तांबूस आणि सगळ्या माद्या निळ्या निघतात. पिसं फुटली की नर-मादी आपोआप कळते. पोटात निळा असलेल्या तांबूस नराच्या पिसांवर बऱ्याचदा शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके येतात, तेही बघत जा.

यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. मादीकडे एकच झेड असल्यामुळे ते मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, शेजारच्या बऱ्या-वाईट जनुकांसकट. नराच्या दोन झेडमध्ये अदलाबदल होते. म्हणून तांबूस रंगाला चिकटून आलेलं काही नकोसं तोडायचं असेल, तर तो रंग एखादी पिढी नराकडून पुढे न्यावा लागतो.

पांढऱ्याची गोष्ट वेगळी. पुलिकतच्या सरोवरात रोहित पक्षी उडताना पाहिलेत? अंग पांढरं-गुलाबी आणि उड्डाणाची पिसं काळी. पांढऱ्या करकोच्याचंही तसंच. काळं रंगद्रव्य पिसाला घासण्यापासून टिकवतं, पांढरं पीस लवकर झिजतं. ग्रिझल घराण्यातून पांढरं करायला गेलात, तर दोन्ही पालकांकडून ग्रिझल आलेलं पिल्लू जवळजवळ पांढरं होतं आणि पिसांच्या टोकांना रंग राहतो. मला ते पूर्ण पांढऱ्यापेक्षा केव्हाही पसंत. ससाण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत बहिरी ससाण्यांच्या हल्ल्यांवर झालेला एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमरेवर पांढरा पट्टा असलेली निळी कबुतरं कमी सापडत होती. तेव्हा "पांढरं म्हणजे ससाण्याचा घास" इतकं सरळ गणित नाही.

आता खरी कसोटी. एका पोटी निळा असलेला तांबूस नर आणि निळी मादी लावा. पिल्लं निम्मी तांबूस, निम्मी निळी. सख्खी भावंडं, एकच घरटं, तोच दाणा, तेच प्रशिक्षण. वहीत प्रत्येकाच्या रिंगचा नंबर, रंग, किती अंतरावरून सोडलं, कधी पोचलं, एवढं लिहा. तांबूस भावंडं निळ्यांइतकीच परतली तर रंगाचा काही दोष नाही. एक जोडी हंगामात सहा-आठ पिल्लं देते, म्हणून एका वर्षावर निकाल देऊ नका. तीन हंगाम वही भरा. फौजेत परेडचे बूट आणि मार्चचे बूट आम्ही वेगळे ठेवायचो. इथे तेच बूट घालून दोन्ही करायचं आहे, म्हणून घाई चालत नाही.

आणि टोपलीत कोणाला घालता ते बघा. चेन्नईकडच्या शर्यतीत पक्षी उत्तरेकडून सोडतात. ओंगोल जवळ आहे, नागपूर सरळ रेषेत साधारण 900 किलोमीटर. ओंगोलहून जो उशिरा आला त्याला, केवळ रंग दुर्मीळ म्हणून विकताना "नागपूर केलेला" असं नाव लागावं यासाठी पुढे पाठवणं, म्हणजे त्याला मारणं आहे. तो वाटेत तहानेनं पडतो. रंगाच्या प्रयोगातल्या पहिल्या दोन पिढ्यांना मी 200-250 किलोमीटरच्या पुढे पाठवत नाही.

शेवटी आमंड. ठिपक्या-ठिपक्यांचा हा रंग हल्ली फार महाग विकला जातोय. आमंड नर आणि आमंड मादी कधीही एकत्र लावू नका. ज्या नर पिल्लाला दोन्हीकडून तो जनुक मिळतो, त्याच्या डोळ्यांत दोष येतो, कधी ते आंधळंच होतं. विकणारा हे सांगेलच असं नाही. एक पालक आमंड आणि दुसरा साधा निळा रेसर, एवढं पाळलंत तर तो धोका टळतो.

पुढच्या भागात पिसं झडण्याच्या काळातल्या दाण्याविषयी बोलू. जय हिंद.